तीनशे साठ मिनिटं, एकही गोल नाही: अर्जेंटिनाने हरलेल्या तीन फायनल

१३ जुलै २०१४. रिओतलं माराकाना स्टेडियम, विश्वचषकाचा अंतिम सामना, एकविसावं मिनिट. जर्मनीच्या टोनी क्रूसने डोक्याने मागे दिलेला चेंडू थेट गोन्झालो इग्वाईनच्या वाटेत आला. चेंडू जर्मन खेळाडूनेच दिलेला, त्यामुळे ऑफसाइडचा, म्हणजे साथीदार पास देत असताना बचावपटूंच्या पुढे उभं असण्याचा, प्रश्नच नव्हता. समोर एकटा गोलरक्षक मॅन्युएल नॉयर, आणि मागून धावणारे बचावपटू अजून काही पावलं लांब. चेंडू नीट पायाखाली घ्यायला, आणखी थोडं पुढे सरकायला वेळ होता. इग्वाईनने घाई केली आणि फटका खांबाबाहेरून गेला.

पुढच्या दोन वर्षांत अर्जेंटिना आणखी दोन फायनल खेळली. २०१५ ची कोपा अमेरिका, म्हणजे दक्षिण अमेरिकी देशांची स्पर्धा, सांतियागोत, तर २०१६ ची शतकमहोत्सवी कोपा न्यू जर्सीत. तिन्ही सामने जादा वेळेत गेले. म्हणजे १२० मिनिटं तीन वेळा, एकूण ३६०. एवढ्या वेळात त्यांना एकही गोल करता आला नाही. आणि प्रतिस्पर्ध्यांनी केला किती? एकच, मारिओ गोट्झेचा, माराकानावर ११३ व्या मिनिटाला. उरलेल्या दोन फायनल चिलीविरुद्ध ०-० राहिल्या आणि पेनल्टी शूटआउटमध्ये गेल्या.

या प्रकरणाकडे बघताना मी हे आकडे आधी मांडतो, कारण बहुतेक चर्चा त्यांच्या आधीच भरकटते. कोणी म्हणतं, दडपणाखाली कच खाल्ली. पण दडपणाखाली मोडणाऱ्या संघाचा सहसा बचाव आधी ढासळतो, आणि इथे बचाव ३६० मिनिटांत एकदाच भेदला गेला. कोणी म्हणतं, मेस्सीचं देशावर क्लबाएवढं प्रेम नाही, तो राष्ट्रगीत म्हणत नाही. हा आरोप मला तेव्हाही संतापजनक वाटायचा आणि आजही वाटतो. आणि कोणी सगळं खापर इग्वाईनवर फोडतं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

तीन संधी आल्या कुठून?

इग्वाईनच्या त्या तीन चुका जगाला पाठ आहेत. पहिली वर सांगितलेली. दुसरी २०१५ ची, नव्वद मिनिटं संपून भरपाईचा वेळ चालू असताना. मेस्सी चेंडू घेऊन मधून सुटला, डावीकडे एझेक्वियल लावेझीला दिला, लावेझीने गोलसमोरून जमिनीलगत पास काढला आणि लांबच्या खांबापाशी घसरत आलेल्या इग्वाईनने तो बाजूच्या जाळीवर मारला. तिसरी २०१६ ची. चिलीचा गॅरी मेडेल चेंडू घेताना चुकला, इग्वाईन एकटा सुटला, गोलरक्षक क्लाउडिओ ब्राव्होच्या अंगावरून त्याने चेंडू उचलला, तोही बाहेर.

आता या तिन्ही पुन्हा एकदा बघा. पहिली क्रूसने दिलेली, तिसरी मेडेलने दिलेली. अर्जेंटिनाने स्वतः रचून काढलेली फक्त मधली, आणि तीही सामन्याच्या शेवटच्या श्वासाला, प्रतिहल्ल्यावर. २०१४ मध्ये आणखी दोन चांगल्या संधी होत्या, हे मान्य करायला हवं. ४७ व्या मिनिटाला मेस्सीचा डाव्या पायाचा फटका लांबच्या खांबाबाहेर गेला, आणि जादा वेळेत रोद्रिगो पालासियोने नॉयरवरून उचललेला चेंडूही बाहेर गेला. त्या रात्री नशीब आणि नेम दोन्ही रुसले, असं म्हणता येईल. पण २०१५ आणि २०१६ ला ती पळवाट नाही. त्या दोन फायनलमध्ये, मेस्सी, अगुएरो, इग्वाईन, डी मारिया अशी नावं हाताशी असलेल्या संघाने २४० मिनिटांत जेमतेम बोटांवर मोजण्याइतक्या धडक संधी निर्माण केल्या.

खरा प्रश्न तिथेच आहे. तेच पाय फायनलच्या आधी गोलांचा पाऊस पाडत होते. २०१५ च्या उपांत्य सामन्यात पॅराग्वेविरुद्ध ६-१. २०१६ मध्ये फायनलपर्यंतच्या पाच सामन्यांत १८ गोल: चिलीला २, पनामाला ५, बोलिव्हियाला ३, व्हेनेझुएलाला ४, अमेरिकेला ४. सहाव्या सामन्यात समोर तोच चिली, ज्याला गटात मेस्सीशिवाय हरवलं होतं. आणि गोल शून्य.

एकच दरवाजा

माझं म्हणणं सरळ आहे. त्या काळातल्या अर्जेंटिनाकडे गोलपर्यंत जाणारा मोठा रस्ता एकच होता आणि तो मेस्सीतून जात होता. साध्या सामन्यात तेवढा पुरतो, कारण मेस्सी मेस्सी आहे. फायनलला समोर येणारा संघ मात्र तो रस्ता बंद करण्याच्या तयारीनेच येतो. जर्मनीने केलं, चिलीने तर दोनदा केलं. मेस्सीला चेंडू मिळाला की दोघं अंगावर, तिसरा मागे. हे तोडायचं तर दुसऱ्या बाजूने कोणीतरी एवढा धोका निर्माण करायला हवा, की त्या तिघांपैकी एकाला तरी तिकडे धावावं लागेल.

असा माणूस त्यांच्याकडे होता. आन्हेल डी मारिया. मेस्सीसारखाच रोसारियो शहरातला, काडीसारखा, डावखुरा विंगर. ऑलिंपिक २००८ च्या बीजिंगमधल्या फायनलमध्ये नायजेरियाविरुद्धचा एकमेव गोल त्याचा होता, मेस्सीच्या पासवर, गोलरक्षकाच्या डोक्यावरून उचललेला. २०१४ च्या विश्वचषकात स्वित्झर्लंडविरुद्ध ११८ व्या मिनिटाला सामना सोडवला त्यानेच, पुन्हा मेस्सीच्या पासवर. त्या दोघांमधलं गणित एवढं साधं होतं: एक मधून बचाव खेचून घेतो, दुसरा बगलेतून आत शिरतो.

तीन फायनलमध्ये डी मारिया किती खेळला, ते बघू. २०१४: शून्य मिनिटं. बेल्जियमविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात ३३ व्या मिनिटाला त्याची मांडी दुखावली ती दुखावलीच. फायनलच्या दिवशी सकाळी त्याच्या क्लबकडून न खेळण्याबद्दलचं पत्र आलं आणि आपण ते न वाचताच फाडलं, असं त्याने पुढे स्वतः लिहिलं आहे. तरीही प्रशिक्षक अलेहान्द्रो साबेलांनी त्याला उतरवलं नाही. २०१५: २९ व्या मिनिटाला दुखापत, बाहेर. २०१६: पनामाविरुद्ध जायबंदी होऊन तीन सामने बाकावर काढल्यावर तो थेट फायनलला परतला आणि ५७ व्या मिनिटाला बाहेर गेला. सगळं मिळून ३६० पैकी ८६ मिनिटं.

एक खेळाडू जखमी झाला, यात संघाचा काय दोष, असं कोणी विचारेल. दुखापतीत दोष नाहीच. दोष आहे तो दुसरा रस्ता एकाच माणसाच्या मांडीवर अवलंबून ठेवण्यात. आणि तो नसताना बाकावरून जे निर्णय झाले, त्यांत.

२०१४ च्या पहिल्या अर्ध्या भागात उजव्या बगलेवर लावेझी जर्मनांना खरोखर सतावत होता. तिसाव्या मिनिटाला त्याच्याच क्रॉसवर इग्वाईनने चेंडू जाळ्यात मारला होता, पण ऑफसाइड ठरला. मध्यंतरानंतर साबेलांनी लावेझीलाच काढून अगुएरोला आणलं. नाव मोठं, गोल करणारा खेळाडू, कागदावर आक्रमण वाढलं. मैदानावर मात्र उलटं झालं. अगुएरो त्या स्पर्धेत दुखापतीने त्रस्त होता आणि त्याचा खेळ मुळात मधला. बगल गेली, सगळे मधल्या पट्ट्यात गोळा झाले आणि जर्मनीला बचाव सोपा झाला. हा बदल मला त्या रात्रीची सगळ्यात महागडी चूक वाटतो, इग्वाईनच्या फटक्यापेक्षाही. फटका एका क्षणाचा होता. अगुएरोच्या बदलाचा परिणाम पुढची ७५ मिनिटं राहिला.

२०१६ मध्ये तर मैदान मोकळं झालं होतं. २८ व्या मिनिटाला चिलीचा मार्सेलो डियाझ दुसऱ्या पिवळ्या कार्डाने बाहेर गेला, ४३ व्या मिनिटाला अर्जेंटिनाचा मार्कोस रोहो थेट लाल कार्डाने. दहा विरुद्ध दहा म्हणजे बगलांवर जागाच जागा. डी मारिया पूर्ण तंदुरुस्त नव्हता हे खरं, पण तो थकल्यावर प्रशिक्षक हेरार्दो मार्टिनोंनी आणलं कोणाला? मातियास क्रानेव्हिटरला, बचावाकडे झुकणाऱ्या मिडफिल्डरला. तोल सांभाळला गेला. चिलीलाही तेच हवं होतं.

मधली फळी

चेंडू पुढे पोहोचवायचा कोणी, हाही प्रश्न होता. त्या वर्षांतली मधली फळी हावियेर मास्चेरानो आणि लुकास बिग्लिया यांच्यावर उभी होती. दोघंही चेंडू हिसकावणारे, भोकं बुजवणारे. मास्चेरानोने २०१४ च्या उपांत्य सामन्यात आर्येन रॉबेनचा शेवटच्या क्षणी मारलेला फटका घसरत जाऊन अडवला होता, तो बचाव मी कधी विसरणार नाही. पण चेंडू मिळवल्यावर तो दोन रेषा फोडून पुढे नेणारा माणूस तिथे नव्हता. त्यामुळे मेस्सी स्वतःच खाली यायचा, मध्यरेषेपाशी चेंडू घ्यायचा आणि मग गोलपर्यंत त्याच्यासमोर सहा-सात माणसं असायची. चिलीविरुद्धच्या दोन्ही फायनलमधलं माझ्या डोळ्यांपुढे राहिलेलं चित्र हेच: मेस्सी मध्यरेषेवर, पाठीमागे प्रतिस्पर्धी, आणि त्याच्यापुढे एकटा, पासची वाट बघणारा आघाडीवीर.

२०१४ च्या बाद फेरीचा हिशेब मांडला तर ही घसरण फायनलच्या आधीच सुरू झालेली दिसते. चार सामने, ४५० मिनिटं, दोन गोल. शेवटचा गोल बेल्जियमविरुद्ध, आठव्या मिनिटाला, इग्वाईनचाच. डी मारिया बाहेर गेल्यानंतर त्या विश्वचषकात अर्जेंटिनाने गोलच केला नाही. त्यात उपांत्य सामना नेदरलँड्सशी १२० मिनिटं आणि पेनल्टीपर्यंत लांबला. जर्मनीने आदल्याच दिवशी ब्राझीलला ७-१ ने नव्वद मिनिटांत आटोपलं होतं. एक दिवस कमी विश्रांती, तीस मिनिटं जास्त धाव. जादा वेळेत पाय जड झाले, त्याला हेही कारण.

पेनल्टींबद्दल

२०१५ मध्ये अर्जेंटिनाने तीन पेनल्टी घेतल्या: मेस्सीचा गोल, इग्वाईनची वरून, बानेगाची ब्राव्होने अडवली. २०१६ मध्ये गोलरक्षक सर्हिओ रोमेरोने चिलीच्या विदालची पहिलीच पेनल्टी अडवून आघाडीची संधी दिली होती, आणि लगेच मेस्सीने चेंडू बारवरून मारला. मास्चेरानो आणि अगुएरोने गोल केले, बिग्लियाची अडवली गेली. सातांपैकी तीन. वाईटच. पण याच संघाने २०१४ च्या उपांत्य फेरीत नेदरलँड्सविरुद्ध चारही पेनल्टी मारल्या होत्या, त्यामुळे यांना शूटआउट झेपतच नाही, हे मला पटत नाही. शूटआउटपर्यंत सामना न्यावा लागला, हा आधीचा आणि मोठा मुद्दा. त्यापुढे पेनल्टीवर फार खल करण्यात मला अर्थ दिसत नाही.

घरातला गोंधळ

मैदानाबाहेरचं एक दृश्य मात्र सांगायलाच हवं. अर्जेंटिनाच्या फुटबॉल महासंघावर हुलिओ ग्रोंदोनांनी १९७९ पासून राज्य केलं. २०१४ च्या फायनलनंतर सतरा दिवसांनी ते वारले. वारस ठरवायला ३ डिसेंबर २०१५ ला निवडणूक झाली. मतदार ७५. मतपेटी उघडली, मोजणी झाली: ३८ विरुद्ध ३८. पंचाहत्तर माणसांनी शहात्तर मतं दिली होती. निवडणूक बारगळली. पुढच्या जूनमध्ये, शतकमहोत्सवी कोपा चालू असतानाच, कारभार हाती घेण्यासाठी समिती नेमण्याचा निर्णय फिफाला घ्यावा लागला. त्याच आठवड्यात, फायनलच्या तोंडावर संघाचं विमान खोळंबलं, आणि विमानात बसल्या जागेवरून मेस्सीने महासंघाच्या कारभाराला आपत्ती म्हटलं, सगळ्या जगाला दिसेल असं.

असा महासंघ पेनल्टी चुकवत नाही, हे मलाही कळतं. पण दुसरा रस्ता बांधायला वेळ लागतो. नवी मधली फळी शोधायची, तिला दोन वर्षं एकत्र खेळवायचं, त्यातले पराभव पचवायचे, यासाठी एक प्रशिक्षक टिकायला हवा आणि त्याच्यामागे कोणीतरी उभं राहायला हवं. २०१४ च्या फायनलपासून २०१८ च्या विश्वचषकापर्यंत अर्जेंटिनाने साबेला, मार्टिनो, बाउसा आणि साम्पाओली असे चार प्रशिक्षक पाहिले. मार्टिनोंनी तर २०१६ च्या फायनलनंतर काही दिवसांतच, ऑलिंपिकसाठी खेळाडूच जमेनात म्हणून, राजीनामा दिला. साम्पाओली म्हणजे २०१५ मध्ये चिलीला जिंकून देणारेच. मेस्सीला कसं कोंडायचं, ते त्यांना माहीत होतं; त्याला मोकळं कसं करायचं, ते त्यांनाही जमलं नाही.

न्यू जर्सीच्या त्या रात्री मेस्सी म्हणाला, राष्ट्रीय संघ माझ्यासाठी संपला. २००७ ची ब्राझीलविरुद्धची ०-३ धरून त्याने हरलेल्या चार फायनल मोजल्या. काही आठवड्यांनी त्याने निर्णय मागे घेतला. त्या चार फायनलमध्ये मिळून अर्जेंटिनाचा गोल एकही नव्हता.

जुनी उदाहरणं

अर्जेंटिनाच्याच इतिहासात या प्रकरणाची दोन टोकं सापडतात. १९८६ ची मेक्सिको सिटीतली फायनल मॅराडोनाची म्हणून ओळखली जाते, पण पश्चिम जर्मनीविरुद्धच्या त्या ३-२ मध्ये मॅराडोनाचा स्वतःचा गोल नाही. लोथार माथेउस त्याला चिकटून होता. गोल केले बचावपटू ब्राउनने, वाल्दानोने आणि बुरुचागाने. शेवटचा मॅराडोनाच्या पासवर. त्याला अडवलं तरी संघ अडला नाही. चार वर्षांनी रोममध्ये तोच मॅराडोना, तीच जर्मनी, पण दुसरा रस्ता असलेला क्लाउडिओ कानिहिया निलंबित. अर्जेंटिना ०-१ हरली आणि विश्वचषकाच्या फायनलमध्ये गोल न करणारा पहिला संघ ठरली. २०१४ च्या आधी चोवीस वर्षं हा धडा घरातच पडून होता.

मग काय बदललं

लिओनेल स्कालोनी २०१८ मध्ये हंगामी म्हणून आले. अनुभव नाही म्हणून त्यांच्यावर टीका झाली. २०१९ च्या कोपामध्ये ब्राझीलकडून उपांत्य फेरीत हरले, तरी त्यांना काढलं नाही. माझ्या मते या प्रकरणातला निर्णायक क्षण हाच. त्यांनी मधली फळी नव्याने बांधली: रोद्रिगो डे पॉल, लेआन्द्रो पारेडेस, जियोव्हानी लो सेल्सो. तिघंही चेंडू घेऊन वळणारे, पुढे पास काढणारे. मेस्सीला मध्यरेषेपर्यंत उतरायची गरज कमी झाली.

१० जुलै २०२१, पुन्हा माराकाना, समोर ब्राझील. स्पर्धेत बराच वेळ बदली म्हणून खेळलेल्या डी मारियाला स्कालोनींनी सुरुवातीपासून उजव्या बगलेवर उभं केलं. २२ व्या मिनिटाला डे पॉलने आपल्या अर्ध्यातून लांब पास टाकला, डावा बचावपटू रेनान लोदीचा अंदाज चुकला आणि डी मारियाने गोलरक्षक एडर्सनवरून चेंडू उचलला. बीजिंगसारखाच. १-० आणि २८ वर्षांनी मोठं विजेतेपद. त्या रात्री मेस्सी त्याच्या मानाने फिका खेळला, ८८ व्या मिनिटाला समोर फक्त गोलरक्षक असताना त्याचा पाय घसरला. पाच वर्षांपूर्वी असं झालं असतं तर सामना शूटआउटकडे सरकला असता.

१८ डिसेंबर २०२२, कतारमधलं लुसैल. विश्वचषकाच्या बाद फेरीत डी मारिया दुखापतीमुळे जवळजवळ खेळलाच नव्हता. फायनलला तो उतरला आणि नेहमीची उजवी बाजू सोडून डावीकडे. फ्रान्स त्यासाठी तयार नव्हतं. त्यानेच पेनल्टी मिळवून दिली, ती मेस्सीने मारली. ३६ व्या मिनिटाला त्याने स्वतः गोल केला. ६४ व्या मिनिटाला तो बाहेर गेला तेव्हा २-० होतं. सोळा मिनिटांनी फ्रान्सच्या एम्बापेचा पहिला गोल आला, पुढच्याच मिनिटाला दुसरा. शेवटी ३-३ आणि पेनल्टीत ४-२. गोलरक्षक एमिलियानो मार्टिनेझने कोमानची पेनल्टी अडवली, अर्जेंटिनाच्या चौघांनीही आपापल्या मारल्या. तोल एका माणसाने किती बदलतो, ते त्या सोळा-सतरा मिनिटांत दिसलं.

म्हणून २०२४ ची कोपाची फायनल मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते. मायामी, समोर कोलंबिया, ०-०. ६६ व्या मिनिटाला मेस्सीचा घोटा गेला. तो बाकावर बसून, चेहरा हातांत धरून, ढसाढसा रडत होता आणि बूट काढलेल्या पायाचा घोटा सुजून टरटरला होता. २०१५ च्या संघाने हे दृश्य बघून हात टेकले असते, असं मला मनापासून वाटतं. सामना जादा वेळेत गेला. ११२ व्या मिनिटाला पारेडेसने चेंडू हिसकावला, लो सेल्सोने पहिल्याच स्पर्शात पुढे सरकवला आणि लाउतारो मार्टिनेझने जाळ्यात मारला. तिघंही बदली म्हणून आलेले. डी मारिया ११७ व्या मिनिटापर्यंत धावत होता. देशासाठीचा तो त्याचा शेवटचा सामना होता.